जवसाच्या फुलासारखी निळी गाडी

मंडळी, आज अमरावतीला गाडीच्या लीजची बोलणी करून आले. आमच्या दालमिलसाठी मोठी, वेगवान एसयूव्ही. रंग मी खास सांगितलेला, जवसाच्या फुलासारखा निळा.

मॅनेजर म्हणाला, "मॅडम, तयार काळी घ्या. उद्याच मिळेल, भाडंही कमी करतो. निळीला पाच महिने लागतील."

यजमानांनी माझ्याकडं पाहिलं.

"मले निळीच पायजे," मी म्हटलं. "थांबतो आमी. पण भाडं आजच्याच दरानं लिहून द्या."

त्यानं दोन फोन केले आणि लिहून दिलं!

परतताना आमच्या जुन्या गाडीत माझे डोळे मिटले.

"अकोला आलं, उतर आता," यजमान म्हणाले.

"थांबा ना, निळ्या गाडीचं चिखलदऱ्याच्या घाटातलं एक वळण राह्यलं," मी झोपेतच म्हटलं.

तुम्ही कशाची अशी आनंदानं वाट पाहिली आहे?