कट्ट्यावरचे पन्नास शब्द

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय — आणि आता मधेच थांबायचं नाही असं ठरवलंय.

आधी माझी पद्धत सांगते. 'माझी' म्हटलं ना मी? त्यावर येतेच. कोल्हापुरात मी मुलांचे इंग्रजीचे क्लास घेते, आणि स्पेलिंग पाठ करून घेण्यात माझा हात धरणारं कुणी नाही असं लोक म्हणतात. शब्द दहा-दहा वेळा लिहून काढणं माझ्याकडे बंद! हात लिहितो आणि डोकं भलतीकडेच भटकत असतं. माझ्याकडे प्रत्येकाला एक काळी फरशी आणि वाटीभर पाणी. शब्द नीट बघायचा, बोट बुडवून फरशीवर लिहायचा, तो वाळून जाईपर्यंत थांबायचं. मग न बघता पुन्हा लिहायचा आणि पुस्तकाशी ताडून बघायचा. चुकला तोच शब्द पुन्हा. आलेल्यांना हातही लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी तेच शब्द उलटसुलट करून कुणीतरी विचारायचे. अहो, आठवड्यात पोरं बदलतात! परवा एकाला वीसपैकी वीस मिळाले, तर तो जिन्यावरूनच ओरडत वर आला. अशा वेळी मला इतका आनंद होतो की काय सांगू — आणि त्याच आनंदात दाताखाली खडा आल्यासारखं होतं.

कारण ही युक्ती सुरेखाची.

सुरेखा म्हणजे सातवीत माझ्या बाकावर बसणारी मुलगी. तिच्या वडिलांच्या म्हशी होत्या. आमच्याकडे संध्याकाळी म्हशी रस्त्यालगतच्या कट्ट्यापाशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाइकाच्या पुढ्यातच धार काढतात आणि गिऱ्हाईक तो फेसाळ पेला उभ्याउभ्याच रिकामा करतं. शाळा सुटली की सुरेखा तिथं पेले विसळायला असायची. वही काढली तर भिजायची, म्हणून ती पाण्यात बोट बुडवून कट्ट्याच्या काळ्या दगडावर शब्द लिहायची. गिऱ्हाईक आलं की उठायची, पेला द्यायची, परत येईपर्यंत शब्द गायब! मग आठवून लिहायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. स्वतःच शोधलं होतं तिनं — बारा वर्षांच्या मुलीनं!

त्या वर्षी इंग्रजीच्या बाईंनी पन्नास शब्दांची चाचणी ठेवली. जी पहिली येईल तिला त्या जयसिंगपूरला स्पर्धेसाठी नेणार होत्या. एसटीनं! सुरेखानं जोतिबापलीकडचं जग पाहिलं नव्हतं, आणि मीही काही फार पाहिलं नव्हतं. पंधरा दिवस आम्ही दोघी त्या कट्ट्यावर. ती मला शिकवायची, चुकलं की डोक्यात टपली मारायची, बरोबर आलं की स्वतःच टाळ्या पिटायची. इतक्या मजेत मी कधीच अभ्यास केला नाही — ना त्याआधी, ना नंतर.

मी हे लांबवतेय का? हो, लांबवतेय.

दोघींना पन्नासपैकी पन्नास पडले. मी नेहमीच पहिल्या पाचात असायचे, माझं कुणाला नवल वाटलं नाही. पण सुरेखाला एरवी जेमतेम पंधरा पडायचे. बाईंनी मला एकटीला बोलावलं आणि विचारलं, तिनं तुझं बघून लिहिलं का?

मी 'हो' म्हणाले.

घाबरले होते का? छे. बाई रागावलेल्याही नव्हत्या. विचार करायला वेळ होता, आणि मी तो केला. मला जयसिंगपूरला जायचं होतं. आणि म्हशीवाल्याची मुलगी माझ्या बरोबरीला आली, हे मला सहन होत नव्हतं. एवढंच.

बाईंनी तिचे मार्क खोडले. वर वर्गासमोर सांगितलंही — "तिच्या बाकावरच्या शेजारणीनंच सांगितलंय मला." सुरेखानं माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, भांडली नाही. दप्तर उचललं आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. संध्याकाळी तिचे वडील भर कट्ट्यावर, गिऱ्हाइकांच्या देखत तिच्यावर ओरडत होते, "चोरून मार्क आणतीस व्हय गं?" मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून ते ऐकलं आणि घरी गेले. जयसिंगपूरला मला बक्षीस मिळालं. सुरेखानं पुढे वर्गात कधी हात वर केला नाही. दहावीला ती इंग्रजीतच राहिली आणि तिची शाळा संपली.

आता गेल्या महिन्यातलं. क्लासच्या आणि नव्यानं मुलं घालू पाहणाऱ्या पालकांचा मेळावा होता. हॉल गच्च भरलेला, मी माईक घेऊन फरशीवर लिहून दाखवतेय, लोक मोबाइल उंच धरून शूटिंग घेतायत — माझ्या अंगात नुसतं वारं शिरलेलं! तेवढ्यात एका वडिलांनी विचारलं, "ही आयडिया तुमचीच का, मॅडम?" आणि नेमकी तेव्हाच मला तिसऱ्या रांगेत सुरेखा दिसली. शेजारी तिची मुलगी. केस पिकलेत, पण ओळखायला क्षणही लागला नाही. तिनंही मला ओळखलं होतं. ती माझ्यावरची नजर हलवत नव्हती.

"हो, माझीच," मी म्हणाले. टाळ्या पडल्या. तिनंही वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर ती मुलीला घेऊन माझ्या टेबलापाशी आली. "हिला बी घ्या की, मॅडम. लई घोकती, पर ध्यानातच ऱ्हात न्हाय." तिच्या मागे दोन-तीन पालक उभे होते, ऐकत होते. मी नोंदवही उघडली. मुलीचं नाव लिहिलं, इयत्ता लिहिली. मग मान वर न करता विचारलं — पालकाचं नाव?

तिनं आपलं नाव सांगितलं, आणि पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं मी ते लिहून घेतलं.