उलट्या कडीचा रुपया

लाखनीला हायवेच्या अंगाला बाबूलालचं दोरखंडाचं आणि मासोळीच्या जाळ्यांचं दुकान आहे. ट्रक गेला की शटर थरथरतं, नायलॉनच्या सुताच्या गुंड्या हलतात. गिऱ्हाईक नसलं की बाबूलाल खिळ्याला टांगलेलं भिंग काढतो आणि राणीच्या रुपयावरचे ठिपके मोजत बसतो.

१८६२ सालचा राणीछाप रुपया पुढं कित्येक वर्षं त्याच सालाच्या छापानं पडत राहिला. टाकसाळीनं साल बदललं नाही, सालाच्या आसपासचे बारीक ठिपके तेवढे कमीजास्त केले. कुठला ठिपका कुठल्या वर्षाचा, यावर जाणकारांत अजून वाद चालतात. बाकीच्या जगाला हे सगळे रुपये सारखेच. बाबूलालच्या कप्प्यांच्या वहीत मात्र त्यातले अकरा प्रकार होते, आणि प्रत्येकाच्या कप्प्यात ठिपके किती व नाणं कुठं मिळालं याची चिठ्ठी.

वहीच्या पहिल्या पानावरचा पहिला कप्पा तेवढा रिकामा होता. त्यातल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : खाली चार ठिपके, उलटी कडी.

आता चार ठिपक्यांचा रुपया काही दुर्मिळ नव्हे. त्याच्याकडं एक होता, तोही चकचकीत. पण त्याला हवा होता तो कडीचा. संग्राहकाच्या लेखी कडीचं नाणं म्हणजे भंगार, कारण माळेत ओवायची कडी जोडताना डाग दिलेली जागा पुन्हा सुधरत नाही. नागपूरचा व्यापारी तसली नाणी बाजूला काढून हसत फोन करायचा, “बाबूलालजी, तुमचा माल आला!” बाबूलाल एसटीनं नागपूर गाठायचा, एकेक नाणं फिरवून डाग कुठं आहे ते पाहायचा. वर. हेही वर. सगळ्यांचे डाग वर. मग तो नाणी परत करून चहा पिऊन घरी यायचा. असं सत्तावीस वर्षं चाललं होतं.

त्याच्या आईच्या, सीताबाईच्या गळ्यात सतरा रुपयांची माळ होती. मधल्या रुपयाची कडी सोनारानं चुकून खालून, सालाच्या बाजूनं जोडली होती. त्यामुळे सोळा रुपये सुलटे आणि तो एकटा उलटा लोंबायचा. शेजारणी हसायच्या. वडील म्हणाले, “दे, सुलटा करून आनतो.” सीताबाईनं दिला नाही. म्हणाली, “मान खाली घातली का मले सुलटाच दिसते. राहू द्या.”

तिच्या मांडीवर बसून बाबूलाल त्या कडीखालचे ठिपके नखानं चाचपायचा. एक, दोन, तीन, चार. तो मोजायला शिकला तो तिथं. पाचवा ठिपका नाही म्हणून एकदा भोकाड पसरलं होतं, असं ती पुढं कितीतरी वर्षं पाहुण्यांना सांगायची.

बाबूलाल बी.कॉम.ला भंडाऱ्याला गेला. खोली, मेस, फी. पहिल्या दिवाळीला घरी आला तेव्हा तिच्या गळ्यात नुसते काळे मणी होते. त्या खर्चापायी माळ सोनाराकडं गेली होती. जेवताना ती वाढायला वाकली, तेव्हा गळ्यातून नेहमी येणारा किणकिणाट आला नाही, एवढंच. तिला जाऊनही आता वीस वर्षं झाली.

परवाच्या कार्तिकात मोतीलाल ढिवर सूत घ्यायला दुकानात आला. लाखांदूरच्या पलीकडे, चुलबंदच्या काठी त्याचं गाव. सत्तरीचा माणूस, वर्षातून दोनदा येणारा. भिंग पाहून म्हणाला, “काय पाहून राहिले, सेठ?”

“ठिपके.”

“असाच एक माह्या घरवालीच्या गळ्यात हाय. पन उलटा. सोनारानं कडीच उलटी लावली.”

बाबूलालच्या हातातली सुताची गुंडी खाली पडून गडगडत पार रस्त्यावर गेली.

“कुठून घेतला?”

“याच बाजारातून. चाळीसेक वर्षं झाली. उलटी कडी म्हनून सोनारानं सस्त्यात देल्ला.”

“सालाखाली ठिपके किती?”

“मी मासोळ्या मोजतो, सेठ. ठिपके तुमी मोजा.”

येत्या रविवारी येतो, असं बाबूलालनं तिथंच ठरवून टाकलं. रविवारी सकाळी तो आरशापुढून हलेना, तेव्हा त्याची बायको साधना म्हणाली, “रुपया आनाले चालले का पोरगी पाह्याले? शर्टाले इस्त्री काहून?”  त्यानं आपला चकचकीत चार ठिपक्यांचा रुपया अदलाबदलीसाठी खिशात घातला आणि साकोलीवरून लाखांदूरची एसटी धरली.

मोतीलालच्या अंगणात जाळं पसरलेलं होतं. त्याची बायको सखाबाई बाबूलालच्याच दुकानातल्या सुतानं जाळ्यातली फाटकी घरं विणत बसली होती. ती वाकली तशी गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातून तो रुपया पुढं आला. कडी सालाखाली होती. 

बाबूलालनं खिशातला रुपया काढून तिच्यापुढं धरला. “सखाबाई, हा घ्या. नवा वाटते असा हाय. वरून पाहिजे ते मागा. तेवढा गळ्यातला मले द्या.”

सखाबाईनं दोन्ही रुपयांकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. “तुमी सांगतलं नाही याइले?”

“त्यायनं ठिपकेच इचारले,” मोतीलाल जाळ्याकडं पाहत म्हणाला.

“ऐका बापू,” ती म्हणाली, “हा रुपया नोहे. हे गोदावरीबाई होय. माह्या मालकाची पहिली बायको. ते मेली, मंग मी आली. आमच्यात दुसरीनं पहिलीले गळ्यात वागवा लागते. नवं लुगडं नेसलं का आंधी हिले दाखवतो, सणाले कुकू आंधी हिले लावतो, मंग मले. अन् तुमी अदलाबदल मांगता? माही सवत म्हंजे बैल होय का बाजारातला?”

मोतीलाल तोंड फिरवून हसला. बाबूलाल रुपयाकडं पाहत होता. रुपयावरचं राणीचं तोंड पार झिजून गेलं होतं. दर सणाला राखेनं घासलेलं, वर कुंकवाचा थर. नाणं कधी घासू नये, हे तो सत्तावीस वर्षं लोकांना सांगत आला होता.

“ते माह्या मायचं होय,” तो एवढंच बोलला. मग माळ, सतरा रुपये, सोनाराची चूक, भंडाऱ्याची फी, सगळं सांगून झालं. हे सगळं त्यानं साधनालाही कधी सलग सांगितलं नव्हतं.

सखाबाईनं हातातली सुई जाळ्यात खोचली. “काढून नाही देत. माहे मालक हायेत तवरी गळ्यातून उतरत नाही. पन पाहून घ्या.” आणि ती पुढं वाकली.

भिंग शर्टाच्या खिशात होतं, त्यानं ते काढलं नाही. कडीखाली नख नेलं. एक, दोन, तीन. कुंकवाखाली जरा शोधावं लागलं. चार.

“मायचं नाव काय तुमच्या?”

“सीताबाई.”

“अक्षय तृतीयेले गोदावरीबाईच्या नावानं पान वाढत असतो मी. या सालापासून दोन वाढीन. एकाच रुपयात राहातेत, उपाशी एकीले कायले ठेवा?”

येताना मोतीलालनं पिशवीत मासोळी घातली. ती घेऊन बाबूलालनं एसटी गाठली.

घरी साधनानं दारातच विचारलं, “भेटला?”

“भेटला.”

“दाखवा मंग.”

“आनला नाही. मासोळी आनली.”

तिनं त्याच्याकडं एकवार पाहिलं आणि पिशवी आत नेली. रात्री जेवताना त्यानं तिला सगळं सांगितलं. नंतर वही उघडून पहिल्या कप्प्यातल्या चिठ्ठीवर, जिथं मिळालं ते गाव लिहायचं असतं तिथं, लिहिलं : सखाबाईच्या गळ्यात. कप्पा रिकामाच राहिला.

पंधरा दिवसांनी नागपूरच्या व्यापाऱ्याचा फोन आला. “बाबूलालजी, कडीवाले तीन आलेत. पण सगळ्यांची कडी वर आहे, उगाच खेप नको. वितळवायला देऊन टाकू?”

‘द्या’ म्हणायला बाबूलालनं तोंड उघडलं आणि तो थांबला. आईच्या माळेत रुपये सतरा होते. एकाच्याच मागं तो इतकी वर्षं धावला. उरलेले सोळा सरळ कडीचे होते, खुणेवाचूनचे, आणि वर डाग असलेली किती नाणी त्यानं स्वतःच्या हातानं परत केली होती!

“देऊ नका,” तो म्हणाला. “ठेवा. मी येऊन राहिलो.”