डोळ्यांचा आवाज ऐकू येणारी बाई

मनीषनगरात माझं कान-नाक-घशाचं क्लिनिक आहे. चक्कर येणारे पेशंट तिथे रोज येतात आणि त्यांच्यातल्या बहुतेकांचं दुखणं काय आहे ते बोलता बोलताच माझ्या लक्षात येतं. इतकी वर्षं तेच तेच पाहिल्यावर तेवढं यायलाच हवं. त्यामुळे लकडगंजातलं ते जोडपं समोर बसलं तेव्हाही मी निर्धास्त होते.

बाई पंचेचाळिशीच्या आसपासची, उंच, हाडापेराने मजबूत. माहेर खाप्याचं. लग्न होऊन लकडगंजात आली आणि नवऱ्याबरोबर लाकूड चिरायच्या आरामशीनवर उभी राहायला लागली. नवरा लिलावातून लाकडाचे लठ्ठे, म्हणजे ओंडके, आणायचा. कोणता लठ्ठा कसा चढवायचा, त्यातून किती जाडीच्या फळ्या काढायच्या, हे ती बघायची. आता मात्र तिला चक्कर येत होती आणि सगळं बोलत होता नवरा.

"मॅडम, हिले मशीनची भीती बसली. मशीन सुरू झाली का ही डोलते. त्या दिवशी तर पात्यावरच गेली असती. मी दंड धरून ओढलं म्हणून वाचली. तवापासून मी हिले मशीनपाशी येऊच देत नाही."

"भीती नाही वाटत मले," ती शांतपणे म्हणाली. "लग्न झालं तवापासून तिथंच उभी राहून राहिली मी. आताच काहून भीती वाटन?"

तिने पिशवीतून आधीच्या औषधांची पाकिटं काढून टेबलावर ठेवली. चक्करच्या गोळ्या, पित्ताच्या गोळ्या, मानेचा पट्टा, आणि शेवटी मन शांत ठेवायच्या गोळ्या. कशाचाही उपयोग झाला नव्हता. कान मी तपासले. पडदे स्वच्छ होते. चक्कर कशाकशाने येते असं विचारलं तर म्हणाली, मशीनने येते, कुकरच्या शिट्टीने येते, वरातीतल्या डीजेने येते, आणि जोरात नाक शिंकरलं तरी येते.

नाक शिंकरण्याचं ऐकून मी जरा सावरून बसले. "आणखी काही होतं का? कितीही विचित्र वाटलं तरी सांगा."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. मी त्याला जुने रिपोर्ट झेरॉक्स करून आणायला पाठवलं. दार लागल्यावर ती पुढे सरकली.

"मॅडम, हसणार नाही ना?"

"नाही."

"मले माह्या डोळ्यांचा आवाज येते."

ती सांगत राहिली. डोळे इकडून तिकडे फिरवले की उजव्या कानात आवाज येतो, ओल्या काचेवर कोणी बोट फिरवावं तसा. स्वतःचं बोलणं कानात घुमतं. चालताना टाचा आपटल्याचे धपके डोक्यात बसतात. मुरमुरे चावले तर समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून चिवडा खाणंच तिने सोडलं होतं.

"घरी सांगितलंत?"

"कोणालेच नाही. चक्कर येते म्हणलं तर मनाच्या गोळ्या दिल्या. हे सांगतलं असतं तर कुठं नेऊन टाकलं असतं, देव जाणे."

माझ्या अंगावर काटा आला, पण आनंदाने. डॉक्टरला असा आनंद होतो, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही. एमएस करत असताना आमच्या सरांनी एकदा या दुखण्याबद्दल सांगितलं होतं. स्वतःच्या डोळ्यांची हालचाल ऐकू येणारी माणसं असतात, ती वेडी नसतात, असं ते म्हणाले होते. त्यानंतर एवढ्या वर्षांत मी एकही पाहिलं नव्हतं.

मी नादकाटा काढला. कान तपासायचा हा दोन दांड्यांचा स्टीलचा काटा असतो, आपटला की घुमतो. तो मी आपटला आणि वाकून तिच्या पायाच्या घोट्यावर टेकवला.

"काही जाणवतं?"

तिचे डोळे मोठे झाले. हात आपोआप उजव्या कानाकडे गेला. "इथं वाजून राहिलं! बाप्पा, पायाले लावलं तुमी, अन् कानात वाजून राहिलं!"

तेवढ्यात नवरा परत आला. मी त्याच्याही घोट्यावर काटा टेकवला. "गुदगुल्या होऊन राहिल्या नुसत्या," तो म्हणाला. तेव्हा मग तिने त्याच्यासमोरच डोळ्यांच्या आवाजाचं सगळं सांगितलं. तो खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. "इतके दिवस मले का नाही सांगतलं वं?" एवढंच म्हणाला.

दोघांना मी कागदावर चित्र काढून दाखवलं. कानाच्या आत, खोल हाडात, तोल सांभाळणाऱ्या तीन बारीक वाकड्या नळ्या असतात. त्यांच्यात पाणी असतं. आपण डोकं हलवलं की पाणी हलतं आणि मेंदूला कळतं. सगळ्यात वरच्या नळीवर मेंदूच्या बाजूने हाडाचं झाकण असतं. काहींचं ते झाकण मुळातच कागदासारखं पातळ असतं आणि कधीतरी त्याला भोक पडतं. मग बाहेरचा मोठा आवाज आत शिरून नळीतलं पाणी ढकलतो आणि माणसाला जमीन कलल्यासारखी वाटते. आणि अंगातले जे आवाज एरवी कुणाला ऐकू येत नाहीत, ते त्या भोकामुळे ऐकू यायला लागतात.

"म्हणजे मशीन खरंच मले ढकलून राहिली होती," ती म्हणाली.

"खरंच."

पुढच्या तपासण्यांतही तेच निघालं. डोळे मोठे दिसावेत म्हणून तिला जाड भिंगांचा चष्मा घालून उजव्या कानात मोठा घुमणारा आवाज सोडला, तेव्हा आवाजाच्या तालावर तिचे डोळे झटके घेत फिरताना मी स्वतः पाहिले. सीटी स्कॅनचा रिपोर्ट मात्र नॉर्मल आला. मला तो पटला नाही. मी रेडिऑलॉजिस्टकडे जाऊन बसले आणि त्याला त्या नळीच्या रेषेत चित्रं पुन्हा कापून दाखवायला सांगितलं. त्याने माउस फिरवला, थांबला, खुर्ची पुढे ओढली. उजव्या नळीच्या माथ्यावर पांढरी रेघ तुटलेली होती. "हे मी पहिल्यांदाच पाहतोय," तो म्हणाला. "मीसुद्धा," मी म्हटलं.

उपाय दोन होते. मोठ्या आवाजापासून आयुष्यभर लांब राहायचं, किंवा ऑपरेशन. ऑपरेशनमध्ये कानामागचं हाड कोरून त्या नळीपर्यंत जायचं आणि नळी भोकाच्या अलीकडे-पलीकडे बुजवून टाकायची. मी तिला सरळ सांगितलं, "कानामागचं हाड मी किती वेळा कोरलं ते मोजायचं सोडून दिलंय. पण ही नळी मी अजून कुणाची बुजवलेली नाही. ऐकू येणं थोडं कमी होऊ शकतं, क्वचित पूर्ण जाऊ शकतं. पुण्याच्या किंवा मुंबईच्या डॉक्टरांकडे जायचं असेल तर मी चिठ्ठी देते."

"बुजवता कशानं?" तिने विचारलं.

"तुमच्याच हाडाच्या भुशाने. कोरताना जो निघतो तो जमा करायचा, ओला करायचा आणि ठासून भरायचा."

ती पहिल्यांदाच हसली. "आम्हीबी लाकडाची चीर अशीच भरतो. भुसा अन् फेविकॉल." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "इथंच करू."

मी घाई केली नाही. आमच्या सरांना फोन केला. त्यांनी ओळखीच्या एका सर्जनशी गाठ घालून दिली. त्याने आपल्या ऑपरेशनचे व्हिडिओ पाठवले आणि मी ते पाठ होईपर्यंत पाहिले. मेडिकल कॉलेजात जाऊन देहदानातल्या कानांच्या हाडांवर हात बसवला. ऑपरेशनच्या सकाळी माझे हात स्थिर होते. मायक्रोस्कोपखाली ती नळी निळसर रेघेसारखी दिसली. दोन जागी ती उघडली, भुसा भरला, वरून स्नायूवरचा पातळ पडदा दाबून बसवला. ऑपरेशन संपवून बाहेर आले तेव्हा काम बरोबर झाल्याची मला खात्री होती.

घरच्यांना ती खात्री देणं अवघड गेलं. शुद्धीवर आल्यापासून तिला भोवंडत होतं. उलट्या थांबत नव्हत्या. उजव्या कानाला सगळं लांबून आल्यासारखं ऐकू येत होतं. नवरा माझ्यामागे कॉरिडॉरमध्ये आला. "मॅडम, आधी मशीनपाशीच डोलत होती. आता तर पलंगावरबी डोलून राहिली."

"एक नळी बंद केली आहे. मेंदूला उरलेल्यांवर चालायला शिकावं लागेल. तो शिकतो. थोडे दिवस द्या."

हे मी ठामपणे सांगितलं आणि मला ते खरंच वाटत होतं. फक्त तिचं ऐकू येणं परतेल का, याची धाकधूक मनात होती, ती मी चेहऱ्यावर येऊ दिली नाही.

तिला मी व्यायाम दिले. अंगठ्यावर नजर ठेवून मान हलवायची, भिंतीचा आधार सोडून चालायचं, मग डोळे मिटून उभं राहायचं. चक्कर येते म्हणून थांबायचं नाही, चक्कर येईल तेच करायचं. तिने ते तिच्या पद्धतीने केलं. गच्चीवर फळ्या मांडल्या आणि त्यांच्यावरून चालायला लागली. नवरा बाजूने हात पसरून चालायचा आणि ती त्याला लांब राहायला सांगायची. हळूहळू ऐकू येणंही परतलं. अगदी बारीक, तीक्ष्ण आवाज त्या कानाला कमी येतात, ते तसंच राहिलं. डोळ्यांचा आवाज मात्र ऑपरेशननंतर एकदाही आला नाही.

थंडीच्या दिवसांत मला क्लिनिकसाठी सागाचं टेबल करायचं होतं, म्हणून लकडगंजात गेले. ती मशीनपाशीच उभी होती, पदर खोचून. "थांबा मॅडम, पाहा," म्हणाली आणि तिने कामगाराला खूण केली. पातं फिरायला लागलं. लठ्ठा आत शिरला आणि तो किंचाळणारा आवाज सगळ्या शेडमध्ये भरला. माझेच दात शिवशिवले. ती पाय रोवून उभी होती, एका हाताने फळीची जाडी दाखवत.

नंतर चहा पिताना मी तिला म्हटलं की स्कॅनमध्ये डाव्या बाजूचं हाडही पातळ दिसलं आहे, कधी काही वाटलं तर लगेच या. तिने मान हलवली. "त्याचं तवा पाहू." तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. सगळ्या कामगारांच्या गळ्यात तिने कान झाकायची पिवळी हेडफोनसारखी झाकणं अडकवली होती. नवऱ्याच्या गळ्यात तेवढं काही नव्हतं.

"तुमी काहून लावत नाही?" तिने विचारलं.

"काय?" तो म्हणाला.

"पाहा मॅडम. मी हळू बोलली का याले ऐकूच येत नाही."

मी त्याला पुढच्या आठवड्यात तपासायला बोलावलं. तो आला. इतकी वर्षं त्या पात्याशेजारी काढल्याने त्याला दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येत होतं, आणि त्यावर ऑपरेशन नव्हतं. मी त्याला मशीन लावून घ्यायला सांगितलं, आरामशीन नव्हे, कानाचं. तो नको नको म्हणत राहिला. बायकोने तिथेच बसून त्याच्या कानाचं माप द्यायला लावलं.