मुनीरची दवंडी

मुनीर शेख कुठलाही प्रोग्रॅम तपासायला बसला की आधी पाण्याचा ग्लास मागायचा. प्यायला नाही. उजव्या हाताची बोटं त्यात बुडवायची, झटकायची आणि त्या ओल्या बोटांनी स्क्रीनवरची बटणं दाबायची. पहिल्या दिवशी मी ओरडलोच, "अरे, स्क्रीनची वाट लावशील!" तो शांतपणे म्हणाला, "सर, दूध घेनाऱ्याचा हात कवा कोरडा आसतो का? वल्या हातानं चाललं तर चाललं म्हनायचं." कंपनीच्या मालकीण मॅडम हसल्या. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, कारण तीच स्क्रीन मी महिनाभर कोरड्या बोटांनी तपासून 'उत्तम' असा शेरा दिला होता.

आमची कंपनी म्हणजे सणसवाडीत एका खाणावळीच्या वरच्या दोन खोल्या. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही प्रोग्रॅम बनवायचो. दूध आणणाऱ्याचं नाव, लिटर, फॅट, सगळं टचस्क्रीनवर. मी दौंडचा, पुण्यातून इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेला. मुनीर शिरूरचा, शिंप्याचा मुलगा. पाबळला वायरिंग आणि वेल्डिंग शिकला आणि प्रोग्रॅमिंग मोबाइलवर व्हिडिओ बघून. आला तो माझ्या हाताखाली आला, आणि सहा महिन्यांत मॅडम कुठलीही अडचण माझ्याआधी त्याला सांगू लागल्या. मला त्याचा हेवा वाटायचा. उगाच आडपडदा कशाला ठेवू? त्याचं कौतुक झालं त्या दिवशी मला खाली खाणावळीतलं जेवण गोड लागायचं नाही.

खुटबावच्या केंद्रावर आप्पा म्हणून सत्तरीचे गृहस्थ बसायचे. त्यांचा निरोप आला की अक्षरं दिसत नाहीत. प्रोग्रॅममध्ये चाळीस स्क्रीन. मी चार दिवस मान मोडून बसलो आणि प्रत्येक पाटीचं, प्रत्येक बटणाचं अक्षर एकेक करून मोठं करत सुटलो. निम्म्या स्क्रीन झाल्या तेव्हा मुनीर खुर्ची ओढून शेजारी बसला.

"सर, घरोघर कशापायी हिंडताय? दवंडी द्या की."

दवंडी हा त्याचा शब्द. अख्ख्या प्रोग्रॅमचा एक मुख्य भाग असतो. त्याला एकदाच सांगायचं, अक्षर एवढं, रंग असा, आणि त्याच्या ताब्यातली प्रत्येक स्क्रीन ते मानते. हे मी कॉलेजात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. ऐन वेळी आठवलं नाही, एवढंच. मुनीरने दवंडीची एक ओळ लिहिली आणि प्रोग्रॅम सुरू केला. उरलेल्या वीस स्क्रीन क्षणात मोठ्या झाल्या. मी मोठं केलेल्या वीस मात्र जागच्या हलल्या नाहीत. अक्षर अजून एक घर वाढवलं तरी ढिम्म. मला आतून जे बरं वाटलं, ते काय सांगू!

"अरे, बंद पडली तुझी दवंडी," मी म्हणालो.

"बंद न्हाई पडली सर. तुम्ही ह्यांच्या कानात येगळं सांगून ठिवलंय. ज्याला घरी यिऊन सांगितलं, त्यो दवंडी कशाला ऐकंल?" असं म्हणून त्याने माझं चार दिवसांचं काम पंधरा मिनिटांत पुसून टाकलं. मग चाळीसच्या चाळीस स्क्रीन एका सुरात बदलल्या. मॅडम मागून म्हणाल्या, "वा, मुनीर!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पुढे आप्पांचं दुसरं दुखणं निघालं. नावावर दोनदा दाबलं की माहिती उघडायची. पण आप्पांचा हात थरथरायचा. दोन दाबण्यांत इतका वेळ जायचा की प्रोग्रॅमला ती दोन वेगळी दाबणं वाटायची. मी म्हणालो, आप्पांना सराव करायला सांगू. मुनीर मात्र एक अख्खी सकाळ खुटबावला त्यांच्या शेजारी बसला, त्यांच्या बोटाकडे बघत मनात आकडे मोजत. परत येऊन त्याने तशी दवंडी दिली की दुसरं दाबणं उशिरा आलं तरी चालेल. "सराव आप्पांनी का करायचा? मशिनीला सांगू ना, जरा दम धर म्हनून." नंतर मी केंद्रावर गेलो तर आप्पा म्हणाले, "त्या पोराला माझं बोट कळलं बगा. तुम्ही कोन म्हनायचं?" हे त्यांनी मला तिसऱ्यांदा विचारलं होतं.

त्याच सुमारास मॅडमनी दौंडला ऑफिस काढायचं ठरवलं. त्याला एक प्रमुख हवा होता. माझे आईवडील दौंडला, आठ वर्षं मी सणसवाडीत भाड्याच्या खोलीत राहत होतो. घरी जायची माझी ही एकच वाट होती. आईने तर "आमचा प्रशांत आता इथेच साहेब होऊन येतोय" असं आळीभर सांगूनही टाकलं. मॅडम म्हणाल्या, "दौंडला सगळ्या केंद्रांसमोर प्रोग्रॅम दाखवू, मग ठरवू." कुणाचं नाव ठरणार हे मला दिसत होतं, कारण दाखवायचं ते मुनीरचं काम होतं. प्रत्येक केंद्राने आपल्याला हवं ते अक्षर, हवा तो रंग, दाबण्याचा हवा तो वेग एकदा निवडायचा, आणि प्रोग्रॅमने तो कायमचा लक्षात ठेवायचा.

आदल्या दिवशी दुपारी मुनीर माझ्या टेबलाशी आला. "सर, एकदा नजर टाकता का? माझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं हाय, तुमचं पक्कं."

मी वाचायला बसलो. मॅडमच्या हट्टाने प्रोग्रॅमचं नाव मराठीत होतं, 'शिरूर दूध', आणि केंद्राची निवड त्या नावाखाली साठायची. मुनीरने सुरुवातीला 'शिरूर' लिहिलं होतं, रू दीर्घ. पण निवड साठवायच्या ठिकाणी 'शिरुर' लिहिलं होतं, रु ऱ्हस्व. आपल्या गावाचं नाव, आणि तेच चुकला. माणूस दोन्ही शिरूर एकच वाचतो. कॉम्प्युटर वाचत नाही. एका नावाखाली ठेवलेलं तो दुसऱ्या नावाखाली शोधणार आणि काहीच सापडणार नाही. चालू प्रोग्रॅममध्ये हे कळायचंही नाही. बंद करून पुन्हा सुरू केला की मगच निवड गायब होणार.

मला ते दिसलं. पहिल्या नजरेत दिसलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"मग काळजी न्हाई," मुनीर म्हणाला आणि माझ्यासाठी चहा सांगायला खाली गेला.

दौंडला हॉल भरला होता. मुनीरने आप्पांनाच पुढे बोलावलं. आप्पांनी अक्षर मोठं केलं, सावकाश दोनदा दाबलं, माहिती उघडली. टाळ्या पडल्या. आणि नेमकी लाइट गेली. दोन मिनिटांत आली, प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाला, तर अक्षरं बारीक! आप्पा चष्मा सावरत दाबतायत, उघडत काही नाही. पुन्हा दाबतायत. मागून कुणीतरी हसलं. आप्पा ओशाळून म्हणाले, "माझंच काय तरी चुकलं आसंल."

"न्हाई आप्पा, माझं चुकलं," मुनीर मोठ्याने म्हणाला. त्याने तिथेच चूक शोधून काढली आणि मॅडमना सांगितलं, "नाव लिवताना चुकलो." सरांनी तपासलं होतं, असं तो म्हणाला नाही. फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. मी आप्पांना खुर्ची ओढून द्यायला वळलो.

प्रमुख मी झालो. आईने पेढे वाटले. मुनीरने दोन महिन्यांत नोकरी सोडली आणि शिरूरला मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. जाताना माझ्याशी हात मिळवून म्हणाला, "येतो सर. दौंडला आलो की चहा पाजा." तो कधी आला नाही आणि मीही बोलावलं नाही.

याला दीड वर्ष झालं. गेल्या आठवड्यात आमच्याकडे मोठं काम आलं, माझ्या आवाक्याबाहेरचं. निमूटपणे मी सणसवाडीला जाऊन मॅडमना मुनीरचं नाव सुचवलं. त्या म्हणाल्या, "तो नको. हुशार आहे, पण बेफिकीर. चार लोकांत आपली शोभा केली त्याने." बेफिकीर! ग्लासात बोटं बुडवून स्क्रीन तपासणारा माणूस! त्या दुपारी 'बरोबर आहे' म्हणून हा शब्द त्याला मीच चिकटवला होता आणि मॅडम तो अगदी खात्रीने बोलत होत्या.

मी बाहेर येऊन मुनीरला फोन लावला. कसा आहेस, दुकान कसं आहे, काहीच विचारलं नाही. "मुनीर, ती चूक मला आदल्या दिवशीच दिसली होती."

"व्हय सर. म्हाईत हाय."

"माहीत आहे?"

"तुमच्या नजरंतनं ऱ्हस्व-दीर्घ सुटंल व्हय?"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस? नंतर तरी?"

"तुम्ही सांगाल म्हनून थांबलो व्हतो." त्याच्या मागे गिऱ्हाइकं बोलत होती. तो त्यांना म्हणाला, "दोन मिंटं थांबा, आमच्या सरांचा फोन हाय." आमच्या सरांचा. दीड वर्ष हा माणूस माझ्याबद्दल कुणाकडे एक अक्षर न बोलता थांबला होता, आणि खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा मला त्याचा हेवाच वाटला.

फोन ठेवला आणि मी परत आत गेलो. मॅडमच्या समोरची खुर्ची रिकामी होती, पण बसलो नाही.

"मॅडम, दौंडला दाखवलेलं ते काम मुनीरने आदल्या दिवशी मला तपासायला दिलं होतं."