काटा बरोबर होता

सोपानरावांचा हेवा मेथीच्या भाजीपासून सुरू व्हायचा.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. भोसरीतल्या डायलिसिस सेंटरात सकाळची पाळी. खिडकीकडचा पलंग दौलतरावांचा, त्याला लागून सोपानरावांचा. हाताला सुया लागल्या, यंत्र फिरू लागलं, की दौलतराव मोकळ्या हातानं डबा उघडायचे. उकडून पाणी काढलेली मेथी आणि भाकरी. वास थेट शेजारच्या पलंगावर.

सोपानरावांनी चार वर्षांत हिरवं पान तोंडात घातलं नव्हतं. हृदयाचे ठोके चुकत, रक्ताची गुठळी होण्याची भीती. म्हणून रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू होती. पालेभाजीनं गोळीचा जोर कमी-जास्त होतो हे कळलं, तसं त्यांनी पालेभाजीच बंद केली.

"अहो, डॉक्टरांनी रोज सारखी खा म्हटलंय, सोडा नाही म्हटलं," त्यांच्या बायकोनं, शालनबाईंनी बजावलं होतं.

"अर्धवट काम मला जमत नाही."

रोज रात्री आठच्या ठोक्याला गोळी. एकदाही चुकली नाही. दर महिन्याला रक्ताची तपासणी. आकडा दोन आणि तीनच्या मध्ये हवा, तो तिथंच असायचा. तो कागद ते दौलतरावांना दिसेल असा उशाशी ठेवत.

दौलतरावांचंही दुखणं तेच. पण त्यांना दुसऱ्या डॉक्टरांनी दुसरी, नवी गोळी दिलेली. तिला ना महिन्याची तपासणी, ना भाजीचं पथ्य.

"तपासणी नाही, ते कसलं औषध?" सोपानराव म्हणत.

"औषध घेतोय रे सोपान, परीक्षा देत नाहीये," दौलतराव घास मोडत म्हणायचे.

हेव्याचं दुखणं मात्र जुनं होतं, हृदयापेक्षा जुनं. दोघं एकाच दिवशी चिंचवडच्या एका रबराच्या कारखान्यात बॉयलरवर लागले. सोपानराव पहिल्या पाळीला, दौलतराव दुसऱ्या. एके दिवशी दौलतरावांनी चालू पाळीत बॉयलर बंद केला. म्हणे, दाबाचा काटा ठीक असला तरी आवाज वेगळा येतोय. सगळं उत्पादन थांबलं. साहेब ओरडले. आणि महिन्याभरानं त्याच साहेबांनी दौलतरावांना बॉयलरचा प्रमुख केलं. सोपानराव सव्वीस वर्षं फावडं हातात धरून तिथंच राहिले. घरी ही गोष्ट निघाली की त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं: "माझ्या पाळीत काटा बरोबर होता."

दिवाळीनंतर त्यांच्या डाव्या मांडीवर जांभळं जाळं उमटलं. मग गाठी. मग पैशाएवढी काळी खपली, आणि अशी आग की लुंगीचा काठ लागला तरी दात आवळावे लागत. त्यांनी हळद-तेल लावलं, वर जुन्या धोतराची पट्टी बांधली आणि गप्प बसले. सेंटरातली सिस्टर विजयश्री सगळं मोठ्यानं विचारायची. दौलतच्या कानावर गेलं असतं. पथ्य न करणारा धडधाकट आणि पथ्य करणारा सडतोय, हे त्याला कळायला नको होतं.

तीन आठवडे निभावलं. मग एका बुधवारी विजयश्रीनं पांघरूण टाकलं आणि सोपानराव कण्हले.

दौलतरावांनी डबा बंद केला. "सिस्टर, त्याची मांडी बघा."

"तू तुझी भाजी खा," सोपानराव म्हणाले.

"पट्टीचा वास येतोय मला. सिस्टर, बघा म्हणतो ना!"

खपली आता तळहाताएवढी होती. सेंटरातल्या डॉक्टर ऋता आल्या. त्यांनी कडेची कातडी दाबून पाहिली, कागद चाळले आणि खुर्ची ओढून बसल्या.

"काका, कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचलेलं दिसतंय. रक्त पुढे जात नाही, म्हणून कातडी मरतेय. किडनीच्या पेशंटमध्येही हे क्वचितच होतं. पण वॉरफरिननं धोका वाढतो. कॅल्शियमला रक्तवाहिनीत बसू न देणारं एक प्रथिन आपल्या अंगात असतं. ते कामाला लागायला के जीवनसत्त्व लागतं, आणि ही गोळी त्यालाच अडवते. पालेभाजीतून थोडं मिळालं असतं, तीही तुम्ही सोडलीत. ही गोळी आजपासून बंद. दुसरं औषध देऊ. आजच दाखल व्हा. जखमेत जंतू शिरले तर जिवावर बेतेल."

"माझा आकडा बरोबर आहे," सोपानरावांनी कागद पुढे केला.

"आकडा रक्त किती पातळ आहे ते सांगतो. रक्तवाहिनीत काय साचलंय ते नाही सांगत."

"मग मला याची गोळी देणार?"

"बहुतेक तीच. तुम्हाला चालेल का ते तपासून."

शेजारून दौलतरावांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं सोपानरावांना वाटलं. उद्या बघू म्हणून ते स्वतःच्या जबाबदारीवर सही करून घरी गेले.

आठ वाजले. गोळी तळहातावर होती, पाण्याचा तांब्या समोर. शालनबाई दारात उभ्या होत्या.

"चार वर्षं एक दिवस खाडा नाही," ते म्हणाले. "आणि दौलतनं सांगितलं म्हणून बंद करू?"

"त्यांनी नाही, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं."

"आकडा बरोबर आहे, शालन."

"तीस वर्षं ऐकतेय, काटा बरोबर होता. नळ्या कशा होत्या, ते कधी सांगितलं नाहीत."

दौलतरावांनी बंद केलेला तो बॉयलर थंड झाल्यावर नळ्या साफ करायला साहेबांनी सोपानरावांनाच आत घातलं होतं. छिन्नीनं पांढरा थर फोडायला दोन दिवस लागले. कठीण पाण्याचा क्षार, बोटभर जाड. एक नळी तर तापून फुगली होती.

"भरल्या होत्या," ते म्हणाले. "माझ्याच पुढच्या पाळीत फुटली असती."

त्यांनी गोळी परत डबीत टाकली आणि डबी शालनबाईंच्या हातात दिली. "पिशवी भर. आत्ताच जाऊ."

जखम कधी भरेल, भरेल की नाही, हे दाखल झाल्यावरही कुणी सांगेना. डायलिसिस वाढवलं, इंजेक्शनं सुरू झाली, ड्रेसिंगच्या वेळी ते उशी चावत. डॉक्टर म्हणाल्या, महिने लागतील. पालेभाजी उकडून, बेतानं खायला मात्र परवानगी मिळाली.

चौथ्या दिवशी दौलतराव आले. काठी टेकत, एका हातात डबा.

"बायकोनं दिलाय. मेथी."

सोपानरावांनी एक घास खाल्ला. सावकाश चावला. चार वर्षांनी तो कडवटपणा जिभेवर आला आणि त्यांचे डोळे भरले. दौलतराव बघत होते, म्हणून त्यांनी मान खिडकीकडे वळवली.

"बरी आहे," ते म्हणाले. "शालन याहून चांगली करते."