बाबांच्या तिकिटावर

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि अजून बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कायद्याबद्दल काही लिहावं एवढी माझी समज नाही. तरी लिहितोय, कारण आमच्या चाळीत तो कायदा मीच वाचून दाखवला होता.

मिल बंद पडायच्या आधी बाबांची कंबर धरली होती. तो हिवाळाभर ते घरीच होते. त्यांच्या सांच्यावर, म्हणजे मागावर, शेजारचे काका उभे राहिले. काका बदली कामगार. कायम माणूस आला नाही की बदलीवाल्याने त्याच्या हजेरीच्या तिकिटावर, त्याच्याच नावाने काम करायचं. पगार कायम माणसाने उचलायचा आणि गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बदलीवाल्याच्या हातात ठेवायचा. सगळ्यांचं असंच चालायचं. पण त्या हिवाळ्याचा पगार झालाच नाही, आणि मग गेटला कुलूप लागलं.

पुढे राज्य सरकारने कायदा केला. मजुरांची थकलेली मजुरी कलेक्टर मालकाच्या मालमत्तेतून वसूल करणार, शेतसारा वसूल करतात तशी. आमच्या ओट्यावर सगळे जमले. मी अडखळत वाचलं.

"बाबू, एक सांग," काका म्हणाले. "काम मी केलं, तर पैसा कुणाला?"

"हजेरीत ज्याचं नाव आहे, त्याला."

"वा भिया! म्हणजे हात माझे आणि नाव दादांचं!" ते बाबांकडे बघून हसले. "चलो, दादा कुठे भागून जातायत!"

सगळे हसले. बाबाही हसले. "तुझे तुलाच देईन रे," म्हणाले.

लोक गेल्यावर आईने भाकरी थापता थापता विचारलं, "सगळेच द्यायचे?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझी फी भरायची होती. मीही मनातल्या मनात त्या पैशांतून फी वजा करून पाहिली. हे लिहितानाही मान वर होत नाही.

त्या दिवसापासून बाबा काकांच्या दारावरून जाईनासे झाले. मागच्या गल्लीतून फिरून यायचे.

मग मालकाच्या वकिलाने हरकत घेतली. हा माणूस तेव्हा आजारी होता, कामावर नव्हताच, याचे ते महिने कापा. खरं सांगितलं असतं तर पैसे कुणालाच मिळाले नसते, कारण बाबा कामावर नव्हते आणि काकांचं नाव कुठेच नव्हतं. बाबा कामावर होते असं सांगणारा साक्षीदार हवा होता. आईने काकांचं नाव काढलं. "कुठल्या तोंडाने जाऊ?" बाबा म्हणाले. मला त्यांनी जा म्हटलं नाही, आणि मीही आपणहून गेलो नाही. काका तेव्हा विजय नगरला नव्या इमारतींवर विटा वाहत होते.

कलेक्टर कचेरीतल्या सुनावणीच्या दिवशी माझा पेपर होता. पेपर सुटला तेव्हा बाबांबरोबर काम केलेले एक जण कॉलेजच्या फाटकाशी सायकल धरून उभे होते.

"बाबू, महिने कापले नाहीत," ते म्हणाले. "तुझे काका आपणहून आले होते, आजची मजुरी बुडवून. साहेबांसमोर शपथ घेऊन बोलले, त्या हिवाळ्यात दादाच सांच्यावर होते, मी तिथे एक दिवसही काम केलेलं नाही."