दुर्बिणीतून की पोट खोलून

जगात निर्णय न घेणारी माणसं पुष्कळ आहेत, पण निर्णय न घेण्यासाठी इतके कष्ट उपसणारा माणूस आमच्या साडूंखेरीज दुसरा झालेला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बिबवेवाडीत त्यांचं विजेच्या मोटारी, पंप आणि मिक्सर दुरुस्त करण्याचं दुकान आहे. दुसऱ्याच्या यंत्राचा बिघाड ते पाहता पाहता ओळखतात. मिक्सर हातात धरून दोनदा हलवला की "बेअरिंग गेलंय, संध्याकाळी या" म्हणून मोकळे. पण स्वतःचं काही ठरवायचं म्हटलं की या माणसाचा पार गोंधळ होतो. ताईंना बघायला आले तेव्हा त्यांनी पोहे दोनदा मागून घेतले आणि मुलीबद्दल मात्र "विचार करून कळवतो" म्हणाले. पंधरा दिवस विचार चालला. शेवटी ताईंनीच निरोप पाठवला, की मी मंगळवारपर्यंत थांबते, बुधवारी दुसरे पाहुणे यायचेत. मंगळवारी दुकान बंद व्हायच्या वेळेला होकार आला.

एका खाण्याच्या बाबतीत तेवढा त्यांचा कधी गोंधळ झाला नाही, कारण तिथे त्यांनी फार पूर्वीच तोड काढून ठेवली होती. मिसळ की वडा, असा प्रश्न पडला की दोन्ही घ्यायचं. श्रीखंड की बासुंदी, दोन्ही. त्यामुळे वर्षानुवर्षं साडू सर्व बाजूंनी सारखे वाढत गेले. माझं घर सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर आहे. साडू यायचे तेव्हा पहिल्या मजल्यावर थांबून सोसायटीच्या फळ्यावरची सूचना अगदी मन लावून वाचायचे. मला वाटायचं, माणूस चौकस आहे. पुढे एकदा लक्षात आलं की ती सूचना पाण्याची टाकी धुण्याबद्दलची होती, तीन वर्षं जुनी होती, आणि साडू ती दर वेळी नव्यानं वाचत होते. त्या दिवशी मी वर येऊन हिला ते सांगून हसलो. ही हसली नाही. म्हणाली, "ताई काय म्हणते ते तुम्हाला माहीत नाही."

ताई म्हणत होत्या ते असं. झोपेत साडूंचा श्वास मध्येच थांबायचा. घोरणं चालू असताना एकदम सगळं शांत व्हायचं. ताई जाग्या राहून मनातल्या मनात आकडे मोजायच्या, आणि वीसच्या पुढे गेलं की कोपरानं ढोसायच्या. मग एक मोठा उसासा टाकून गाडी पुन्हा सुरू. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, गुडघे कुरकुरत होतेच. आमच्या पेठेतले म्हातारे फॅमिली डॉक्टर त्यांना म्हणाले, "पथ्य तुम्हाला झेपलं नाही, व्यायाम तुम्हाला दिसला नाही. आता वजन कमी करायचं ऑपरेशन करून घ्या. आणि ते करायचं की नाही यावर मत विचारायला पुन्हा माझ्याकडे येऊ नका." एवढं बोलून त्यांनी एका सर्जनबाईंच्या नावानं चिठ्ठी दिली.

सर्जनबाईंकडे साडू, ताई आणि मी असे तिघं गेलो. मला नेलं कारण मी मत देतो. सदाशिव पेठेत राहणाऱ्याला वेगळं शिक्षण लागत नाही, मत आपोआप येतं. बाई वयानं लहान, पण बोलणं शांत आणि स्वच्छ. त्यांनी कागदावर जठराचं चित्र काढलं, त्यातला बराचसा भाग रेघ मारून वेगळा केला आणि म्हणाल्या, "काका, एवढा काढायचा. उरतो तो साधारण केळ्याएवढा." हे ऑपरेशन दोन पद्धतींनी करता येतं, हेही त्यांनी सांगितलं. एक दुर्बिणीतून. चार-पाच छोटी छिद्रं पाडून, आत कॅमेरा घालून, पडद्यावर बघत. दुसरी जुनी पद्धत, पोट उघडून, लांब छेद घेऊन. त्यात दुखतं जास्त, जखम भरायला वेळ लागतो, म्हणून हल्ली शक्यतो दुर्बिणीतूनच करतात. पण साडूंच्या पोटावर वीतभर लांब जुना व्रण आहे. तरुणपणी त्यांचा अल्सर फुटला होता, तेव्हाचा. बाई म्हणाल्या, "आधीचं ऑपरेशन झालंय, म्हणून जरा विचार करावा लागेल." याच्यापुढेही त्या आणखी काहीतरी बोलत होत्या. पण विचार करावा लागेल, हे शब्द कानावर पडताच साडूंचे डोळे चमकले. पुढचं त्यांनी ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही ऐकलं नाही, कारण मी माझं मत तयार करत होतो.

"पण डॉक्टर," साडू म्हणाले, "खोलल्याशिवाय आतलं दिसणार कसं?"

"पडद्यावर दिसतं ना काका. उलट मोठं दिसतं."

"मला बघता येईल?"

"तुम्ही झोपलेले असाल."

"मग लक्ष कोण ठेवणार?"

बाईंनी ताईंकडे पाहिलं. ताई खिडकीबाहेर पाहत होत्या. साडूंचा पुढचा प्रश्न त्याहून अवघड होता. त्यांच्या दुकानाची एक शिस्त आहे. दुरुस्ती झाली की बदललेला जुना भाग कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. जळालेली कॉइल असो, झिजलेलं बेअरिंग असो, गिऱ्हाईक नको म्हणालं तरी द्यायचा. नाहीतर खरंच बदललं की नुसतं पुसून दिलं, हे त्याला कळणार कसं? तेव्हा साडूंनी अगदी सरळ मनानं विचारलं, "काढलेला माल परत मिळेल ना?" बाई म्हणाल्या, "तो तपासणीला लॅबमध्ये जातो, काका." साडूंनी मान हलवली, पण बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बाई चांगल्या आहेत हो. पण माल देत नाहीत."

त्या दिवसापासून पुढचे आठ महिने साडूंनी पुण्याची मतमोजणी केली. दोनशे पानी वही घेतली, मधोमध उभी रेघ मारली, डाव्या बाजूला 'दुर्बीण' आणि उजव्या बाजूला 'खोलून' असं लिहिलं. दुकानात मिक्सर घेऊन येणाऱ्या बायकांची मतं डावीकडे पडली, पंपवाल्यांची उजवीकडे. त्यांचा न्हावी म्हणाला, दुर्बीण करा, पोटावर खूण राहत नाही. साडू म्हणाले, माझं पोट बघायला येतंय कोण? शेजारचा गिरणीवाला म्हणाला, "पोतं तोंडाकडून उघडलं तर शिवता येतं. भोकं पडली की पीठ गळत राहतं." हे वाक्य साडूंना इतकं पटलं की त्यांनी त्याखाली दोन रेघा ओढल्या. त्यांचा मुलगा हिंजवडीला कंपनीत आहे. तो एका रविवारी लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, "बाबा, लॅप्रोस्कोपिकच करा. ओपन आता कोण करतं? रिकव्हरी फास्ट असते, दोन-तीन दिवसांत डिस्चार्ज. मी सगळं कम्पेअर केलंय, ही शीट बघा." साडूंनी ती शीट शेवटपर्यंत पाहिली आणि मुलाचं एक मत डावीकडे टिपून घेतलं. गिरणीवाल्याचंही एकच होतं. लोकशाही म्हणजे लोकशाही.

रोज सकाळी मला फोन यायचा. "साडूभाऊ, ठरलं. दुर्बीण." मी अभिनंदन करेपर्यंत तिकडून 'पण' यायचा. गुरुवारपर्यंत पोट खोलायचं नक्की व्हायचं, आणि रविवारी दोन्ही रद्द होऊन मेथीदाण्याचं पाणी सुरू व्हायचं. आता कबूल करायला हरकत नाही, यात माझाही हात होता. ते दुर्बीण म्हणाले की मी खोलण्याची बाजू घ्यायचो, ते खोलण्याकडे झुकले की मी दुर्बिणीचे गुण गायचो. निवृत्त माणसाला सकाळी वाद घालायला कुणीतरी लागतं. चहा घेता घेता अर्धा तास बरा जायचा. तिकडे ताई आणखी एक रात्र आकडे मोजून उठलेल्या असायच्या, हे माझ्या डोक्यातच यायचं नाही.

मग एक दिवस साडू स्कूटरवरून गिऱ्हाइकाचा पंप पोचवायला निघाले. सिग्नल लाल झाला म्हणून थांबले, पाय टेकला, आणि तिथेच झोपले. भर दुपारी, पंप पायाशी घेऊन. सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला, मागच्या लोकांनी हॉर्न वाजवून आणि आपल्या गावच्या पद्धतीनं चौकशी करून त्यांना जागं केलं. घरी येऊन त्यांनी ही गोष्ट ताईंना हसत हसत सांगितली. ताई उठल्या आणि फोन लावून त्यांनी सर्जनबाईंची वेळ घेतली. साडू म्हणाले, "अगं, पण अजून ठरलं कुठे?" ताई म्हणाल्या, "वही बरोबर घ्या."

पुन्हा आम्ही तिघं. साडूंनी वही उघडून बाईंपुढे ठेवली. मतं जवळजवळ समसमान होती आणि निर्णायक मत आता बाईंनी द्यावं, अशी त्यांची विनंती होती. बाईंनी वही आदरानं वाचली. गिरणीवाल्यापाशी थोडं थांबल्या. मग वही मिटून म्हणाल्या, "काका, हे तुम्ही ठरवायचं नव्हतंच. सुरुवात मी दुर्बिणीतूनच करणार. आत पाहिल्यावर, जुन्या ऑपरेशनमुळे सगळं चिकटून बसलेलं असेल आणि दुर्बिणीतून करणं धोक्याचं वाटलं, तर तिथेच पोट उघडून करणार. ते आत गेल्यावरच कळतं. म्हणून सही दोन्हींवर घेते. पहिल्याच दिवशी मी हे सांगितलं होतं."

साडूंनी वही आपल्याकडे ओढून घेतली. स्वतःच्या गिऱ्हाइकांना ते उभ्या जन्मात हेच सांगत आलेत, की आत्ता काय सांगू, आत बघितल्यावर कळेल. पण हे वाक्य ऐकणाऱ्याच्या बाजूला ते प्रथमच बसले होते. मी मान खाली घातली. आठ महिने आम्ही ज्या प्रश्नावर भांडलो, तो प्रश्न आमचा नव्हताच.

"पहिल्या दिवशी सांगितलं होतं?" साडू ताईंकडे वळले. "तू ऐकलं होतंस?"

"ऐकलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"दोनदा सांगायला गेले. तुम्ही म्हणालात थांब, गिरणीवाला बोलतोय. आणि वहीत सगळ्यांची मतं घेतलीत, न्हाव्याचं घेतलंत. मला विचारलंत कधी?"

साडूंनी वही पुन्हा उघडली. खरंच पानं चाळली त्यांनी, पहिल्यापासून. ताईंचं मत कुठेच नव्हतं. मग अगदी हळू आवाजात, आम्ही तिथे आहोत हे विसरून ते म्हणाले, "मला भीती वाटते गं. एकदा ठरलं की करावं लागेल ना."

"माहीत आहे मला," ताई म्हणाल्या.

"मग तुझं मत काय?"

"खोलून करा, न खोलता करा. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही घरी परत यायला हवेत, एवढंच माझं मत."

साडूंनी खिशातलं पेन काढलं. वहीत काही लिहिलं नाही. बाईंनी पुढे केलेल्या कागदावर दाखवतील तिथे सह्या केल्या. मला त्या क्षणी फार लाज वाटली. आठ महिने मी या माणसाच्या भीतीशी वाद घालत होतो आणि मला वाटत होतं, आम्ही गप्पा मारतोय.

ऑपरेशनच्या दिवशी ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला. ताई बाकावर ताठ बसून होत्या. मी उगाच या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होतो. बाई बाहेर आल्या, सगळं नीट झालं म्हणाल्या, आणि ताईंनी तोंडाला पदर लावला तो बराच वेळ काढला नाही. मुलानं खाली जाऊन चहा आणला. चहा अर्धा झाल्यावर आम्हाला आठवलं, की दुर्बिणीतून झालं की पोट उघडावं लागलं, हे कुणी विचारलंच नाही.

दुर्बिणीतूनच झालं होतं. वेळ गेला तो चिकटलेलं सोडवण्यात.

आता साडू निम्मे उरलेत असं मी म्हणतो, ताई म्हणतात दृष्ट लावू नका. सदरे सगळे मोठे पडतात. पंगतीत छोट्या वाटीत वरणभात घेऊन बसतात आणि चार घासांत आटोपतात. त्यांच्या शेजारी बसून मला जेवल्यासारखं वाटत नाही. ताई मात्र सहा-सात तास झोपतात म्हणे, आणि सकाळी दहा वर्षांनी तरुण दिसतात. साडूंचा गोंधळ पुरता गेलेला नाही, पण आता तो घरातल्या घरात मिटतो. दुकानाला रंग कुठला, नातवाला सायकल की पाटी, सगळं ते ताईंना विचारतात. ताई एका शब्दात उत्तर देतात आणि ते तसं करतात. झालं ते फार चांगलं झालं. फक्त माझ्या सकाळी फार मोठ्या झाल्यात.

परवा मला राहवलं नाही. मीच फोन लावला. म्हटलं, "साडूभाऊ, हॉलमध्ये पंखा घ्यायचाय. छताचा घ्यावा की भिंतीवरचा? तुमचं मत काय?" मला वाटलं, आता अर्धा तास तरी निघेल. साडू एवढंच म्हणाले, "घरात विचारलंत का?"

मी मागे वळून पाहिलं. ही खिडकीशी बसून लसूण सोलत होती. पंख्याबद्दल तिचं मत काय असेल, याचा मला काहीच अंदाज नव्हता.